नाशिकमध्ये घरामागच्या उतारावर बाग कशी करावी?

तुम्ही म्हणता, परसातली जागा घरापासून खाली उतरत जाते आणि दर पावसाळ्यात माती कुंपणाशी जमा होते. मग झाडांचं नंतर, आधी पाण्याचं बघा. जूनमधल्या पहिल्या मोठ्या सरीत छत्री घेऊन मागे उभे राहा आणि पाणी कुठून पळतं ते पाहून ठेवा.

उतार सपाट करायला जेसीबी बोलावू नका, वरची चांगली माती गाडली जाते. शेतात ताली घालतात तसे उताराला आडवे दोन-तीन टप्पे पाडा. गवंड्याकडच्या लेव्हल पाइपने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) टप्प्यांची समपातळीतली रेषा आखता येते. काळ्या दगडाचा, सिमेंट न घालता रचलेला दोन फुटांचा बांध पुरतो. तो किंचित मागे, वरच्या मातीकडे कललेला हवा आणि मागे खडी भरलेली. काळी माती भिजली की फुगते, त्यामुळे पाण्याला वाट नसलेली भिंत पुढे ढकलली जाते. बांध तीन फुटांच्या वर जाणार असेल तर इंजिनिअरला विचाराच.

बांधाच्या कडेला वाळा किंवा गवती चहा लावा. वाळ्याची मुळं खोल जाऊन माती धरतात. वरच्या, लवकर सुकणाऱ्या टप्प्यावर बोगनवेल, कण्हेर (विषारी असते, घरात लहान मुलं असतील तर नको). मधे मोगरा, जास्वंद, कढीपत्ता. तळाशी ओल टिकते, तिथे कर्दळ आणि सोनटक्का. पारिजातक मात्र पायऱ्यांजवळच लावा, सकाळचा सडा पायाखाली येऊ दे.