रक्त ‘गोठते’ की ‘साकळते’?

हिमोफिलियाच्या, म्हणजे जखमेतले रक्त नीट घट्ट न होण्याच्या विकाराच्या, रुग्णांसाठी मराठीत माहितीपत्रक लिहिताना ‘रक्त गोठणे’ म्हणावे की ‘रक्त साकळणे’, असा प्रश्न आहे. बोलताना दोन्ही चालतात. माहितीपत्रकात मात्र मी ‘साकळणे’ लिहीन. परिभाषेतील ‘रक्तक्लथन’ अचूक असले, तरी रुग्णाच्या आईवडिलांना त्याचा अर्थ कुणाला तरी विचारावा लागेल.

‘गोठणे’ म्हटले की गारठा आलाच. पाणी गोठते, तूप गोठते आणि ऊब मिळताच दोन्ही पूर्ववत होतात. जखमेवरचे रक्त घट्ट होते ते थंडीने नव्हे. रक्तातील घटक एकामागून एक कार्यान्वित होत जाऊन शेवटी थ्रॉम्बिन तयार होते, ते विरघळलेल्या फायब्रिनोजेनपासून फायब्रिनचे तंतू बनवते, आणि त्या जाळ्यात प्लेटलेट व तांबड्या पेशी अडकून गुठळी होते. ती ऊब देऊन पातळ होत नाही. उलट, शरीराचे तापमान फार उतरले तर ही प्रक्रिया मंदावते आणि रक्तस्राव आटोक्यात येणे अवघड होते.

खरा घोटाळा उपचारांच्या वर्णनात होतो. रक्तपेढीत प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, खरोखरच गोठवून ठेवतात, आणि तो थंड तापमानात सावकाश वितळवला की खाली बसणारा क्रायोप्रेसिपिटेट हा साका १९६० च्या दशकापासून हिमोफिलिया ‘ए’च्या रुग्णांना दिला जाऊ लागला, कारण त्यांच्यात कमी असलेला ‘फॅक्टर एट’ हा रक्त घट्ट होण्यासाठी लागणारा घटक त्यात भरपूर असतो. आता ‘ज्याचे रक्त गोठत नाही, त्याला गोठवलेल्या प्लाझ्म्यातून काढलेले औषध’ हे वाक्य वाचणाऱ्याने काय समजावे?

‘साकळणे’ही निर्दोष नाही. मुका मार लागून कातडीखाली रक्त जमते, तेव्हाही आपण ‘रक्त साकळले’ म्हणतो. हिमोफिलियात गुडघा, घोटा, कोपर अशा सांध्यांत वारंवार रक्तस्राव होतो; तिथे ‘सांध्यात रक्त साकळते’ असे लिहिले, तर रक्त नीट साकळत नाही असे पत्रकात आधी सांगितलेले खोटे वाटेल. म्हणून त्या ठिकाणी ‘साचते’ लिहावे.

जाता जाता: ‘रक्तस्त्राव’ नव्हे, ‘रक्तस्राव’. मूळ धातू ‘स्रु’, म्हणजे वाहणे. त्यात ‘त’ नाही.