नाकातल्या नळीला बाबा कंटाळलेत, घरी कसं सांभाळायचं?

जिभेच्या कॅन्सरचं रेडिएशन सुरू आहे, पातळ अन्न थेट पोटात जावं म्हणून नाकातून नळी घातलीय आणि बाबा सारखे 'काढून टाका' म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या काकांचं अगदी हेच झालं होतं. पहिले काही दिवस फार जड गेले, मग हळूहळू सवय झाली.

सगळ्यात मोठा ताप म्हणजे नळी तुंबणं. नाचणीची पेज असो की वरणाचं पाणी, मिक्सरमधून काढून बारीक गाळणीने गाळाच. आमच्याकडे एकदा गाळायचं राहिलं आणि जिऱ्याच्या तुसाने नळी बंद झाली! प्रत्येक वेळी आधी आणि नंतर ३०-५० मिली साधं पाणी सोडा. भरवताना सिरिंजचा दट्ट्या काढून ठेवा, दाबून ढकलू नका. सिरिंज नळीला लावून उंच धरा, पेज आपोआप उतरू द्या. बसवूनच भरवा, नंतर तासभर आडवं होऊ देऊ नका. नळीवरची नाकाजवळची खूण जागेवर आहे का ते रोज बघा. नळी सरकली किंवा ठसका लागला तर भरवणं थांबवा आणि हॉस्पिटलला फोन करा. घरी परत आत ढकलायची नाही.

डॉक्टर हो म्हणाले तर तोंडाने घोट-घोट पाणी गिळत राहू दे, गिळण्याची सवय मोडत नाही.

आणि जेवायला त्यांना सगळ्यांसोबतच बसवा हो. काका त्या वेळेची वाट बघायचे.