खोटा दावा कोर्ट पहिल्याच दिवशी का फेकून देत नाही?

काकांनी फोल्डरमधून समन्स काढलं आणि घडी उलगडताना ते मधोमध फाटलं. इतक्यांदा उघडलं होतं. "मॅडम, दावा धडधडीत खोटा आहे. न्यायाधीशांना दिसत नाही? पहिल्याच दिवशी फेकून का देत नाहीत?"

कोर्टकचेरीत अडकलेला जवळजवळ प्रत्येक जण मला हेच विचारतो. काकांची हकीकत अशी (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत): 2006 साली चुलत्यांकडून घर घेतलं, खरेदीखत रीतसर नोंदवलं. चुलते गेले आणि 2022 मध्ये चुलतभावानं दावा ठोकला, की वडिलांची सही फसवून घेतली, हे आपल्याला आत्ताच कळलं. काका तेव्हापासून रात्री दोनला उठून कपाटातलं खरेदीखत जागेवर आहे ना ते बघतात.

मी वकील नाही. पण निम्मी भीती पुढे काय होणार हे न कळण्याची असते, म्हणून थोडा कायदा सांगावाच लागतो. दिवाणी प्रक्रिया संहितेतला आदेश 7 नियम 11 अशाच दाव्यांसाठी आहे. दाव्याला कारणच नसेल किंवा तो मुदतबाह्य असल्याचं वादपत्रातच, म्हणजे दावा करणाऱ्यानं कोर्टात दिलेल्या लेखी दाव्यातच, दिसत असेल, तर साक्षीपुरावा न घेता कोर्ट ते नामंजूर करतं. मात्र तेव्हा वाचलं जातं ते फक्त वादपत्र आणि त्याला जोडलेले कागद. प्रतिवादीचं म्हणणं त्या टप्प्यावर विचारातच घेत नाहीत.

"म्हणजे मी बोंबलून सांगितलं तरी?"

"तरीही."

काका उसळले. मग मला त्यांनीच पूर्वी सांगितलेलं आठवलं. थकलेल्या पगारासाठी ते कंपनीविरुद्ध लढले होते. विचारलं, "कंपनीचा वकील तुमच्या मागणीला काय म्हणाला होता?"

"बिनबुडाची." थोडं थांबून म्हणाले, "सहा वर्षांनी जिंकलो."

तेव्हा समोरच्याच्या शब्दावर पहिल्याच तारखेला निकाल लागला असता तर? मी हे विचारलं नाही. ते फाटलेलं समन्स जुळवत बसले होते.

समन्स मिळून 19 दिवस झाले होते. कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायला 30 दिवस, कोर्टानं वाढवून दिले तर 90. वकीलपत्र द्यायचं राहिलंच होतं. आणि वादपत्र? दुसऱ्या पानावर 'फसवणूक' हा शब्द आला, तिथेच त्यांनी मिटलं होतं. म्हटलं, आता माझ्यासमोर मोठ्यानं वाचा. सातव्या परिच्छेदात त्यांचा आवाज अडखळला. दस्त वाचून दाखवला तेव्हा वादी स्वतः हजर होता, साक्षीदार म्हणून त्याची सही आहे, असं चुलतभावानंच लिहिलं होतं! दस्त रद्द करून मागायला, कारण कळल्यापासून तीन वर्षं मिळतात. इथे सोळा झाली होती. 'आत्ताच कळलं' हे वाक्य कितीही खुबीनं पेरलेलं असो, वादपत्र अर्थ लावून वाचा आणि पोकळ दावा मुळातच खुडा, असं सर्वोच्च न्यायालयानं 1977 मध्येच खालच्या कोर्टांना बजावलंय.

वकिलांनी वादपत्र नामंजूर करा असा अर्ज दिला. तो सुनावणीला यायलाच आठ महिने गेले, आणि माझा राग आहे तो इथे. दार सगळ्यांना उघडं असावं, हे मान्य. पण असा अर्ज आला की तो आधी ऐकायला काय हरकत आहे? आणि खोट्या दाव्याबद्दल भरपाई किती, तर त्याच संहितेच्या कलम 35अ खाली जास्तीत जास्त 3000 रुपये. हा आकडा 1976 च्या दुरुस्तीतला, त्याआधी हजार होता. एवढ्यात वकिलाची एक तारीखही भागत नाही. खोटेपणा परवडतो तो यामुळे.

वादपत्र नामंजूर झालं. खर्च ज्याचा त्यानं सोसावा, असा हुकूम. चुलतभाऊ अपिलात गेलाय, तो त्याचा हक्कच आहे.

ते कळवायला काकांचा फोन आला. पूर्वी प्रत्येक तारीख त्यांना वारासकट पाठ असायची. मी विचारलं, पुढची कधी?

"अहो, बघून सांगतो. फोल्डर कुठे ठेवलाय ते हिला विचारायला हवं."