डोंगरात सूर्यास्ताच्या फोटोत आकाश पांढरं आणि डोंगर काळे येतात. नवा कॅमेरा घेऊ का?

आधी कॅमेऱ्याचं सांगते: इतक्यात घेऊ नका. तुम्ही राजगड-तोरण्याच्या बाजूला फिरता असं लिहिलंय, तर यंदाची दिवाळी तरी मोबाईलवरच काढा.

आकाश पांढरं पडतं कारण फोन डोंगराचा अंधार बघून अख्खा फोटो उजळवतो. सूर्याच्या थोडं बाजूला, आकाशाच्या उजळ भागावर बोट दाबून धरा म्हणजे एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) तिथे लॉक होईल. मग बाजूची सूर्यासारखी खूण खाली ओढत न्या, रंग डोळ्यांना दिसतात तसे येईपर्यंत. व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोतले रंग पिवळसर की निळसर हे ठरवणारी सेटिंग, हाताने बदलता येत असेल तर ऑटोवरून काढून 'डेलाइट'वर ठेवा, कारण ऑटो तो केशरी रंग दोष समजून धुऊन टाकतो. आणि हो, लेन्स रुमालाने पुसा. बोटांचं तेल लागलं असेल तर सूर्य समोर आला की सगळा फोटो धुरकट होतो.

डोंगर मात्र काळेच राहतील, राहू द्या. नुसते रंग मरीन ड्राइव्हवरही मिळतात. सह्याद्रीत जायचं ते त्या काळ्या कडेसाठी. म्हणून माझं मत असं की इथे फोटो सूर्याचा नसतो, धारेचा असतो. सूर्य कुठल्या धारेमागे, कुठल्या खिंडीत उतरणार हे आधी ठरवायचं.

इथेच बहुतेक लोक फसतात. अ‍ॅपमधली सूर्यास्ताची वेळ सपाट क्षितिजाची असते. पायथ्याच्या गावात उभे असाल तर सूर्य त्याच्या कितीतरी आधी डोंगराआड जातो. हात पूर्ण ताणून मूठ धरा. मुठीची रुंदी साधारण 10 अंश भरते आणि सूर्य तासाला 15 अंश सरकतो, म्हणजे धार आणि सूर्य यांच्यात एक मूठ अंतर असेल तर तुमच्या हातात चाळीस-पंचेचाळीस मिनिटं आहेत. सूर्याकडे टक लावून न बघता मोजा.

शिवाय मावळतीची जागा वर्षभर हलत असते. आपल्याकडे डिसेंबरच्या अखेरीस सूर्य पश्चिमेच्या सुमारे 25 अंश दक्षिणेला मावळतो आणि जूनमध्ये तेवढाच उत्तरेला. राजगडावरून तोरणा वायव्येकडे दिसतो. त्यामुळे हिवाळ्यात तोरण्यामागे सूर्य हवा म्हणून संजीवनी माचीवर जाऊन बसाल तर तो बराच डावीकडे उतरलेला दिसेल. तोरण्याच्या जवळ तो मेच्या अखेरीस येतो, तेव्हा ढगांचा भरवसा नाही. हिवाळ्यात उलट करा: तोरण्यावर जा आणि सूर्याकडे पाठ करून राजगड टिपा. त्या तांबूस उन्हात बालेकिल्ला फार देखणा दिसतो, आणि तिकडे कॅमेरा वळवणारे कमीच असतात.

हवेचं म्हणाल तर पाऊस सरल्यावरचे ऑक्टोबर-नोव्हेंबर सगळ्यात चांगले, हवा धुतलेली असते. फेब्रुवारीपासून धूळ, वणव्यांचा धूर आणि कोकणावरची धुरकट हवा यांत सूर्य क्षितिजाला टेकण्याआधीच विरून जातो. ते दिवस वाया जात नाहीत. त्याच धुरकटपणामुळे एकामागची एक धार फिकट होत जाते आणि डोंगरांचे थर सुटे दिसतात. या फोटोला मात्र लांबची लेन्स लागते. फोनला वेगळी टेलिफोटो लेन्स असेल तर ती वापरा. नुसता डिजिटल झूम म्हणजे त्याच फोटोचा कापलेला तुकडा. उद्या कॅमेरा घेतलाच तर तो याच्यासाठी घ्या, 200 मिमीपर्यंतच्या लेन्ससह, आणि रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) काढा. डीएसएलआर असेल तर त्या लेन्समधून व्ह्यूफाइंडरला डोळा लावून सूर्य बघू नका, डोळ्याला कायमची इजा होते.

सूर्य गेला की लोक टाळ्या वाजवून चालू लागतात. तुम्ही थांबा. वर उंच, पातळ ढग असतील तर त्यांना खालून रंग चढायला आणखी दहा-पंधरा मिनिटं लागतात. ढग नसतील तर पूर्वेला बघा, क्षितिजालगत निळसर-करडा पट्टा चढत येतो, त्याच्यावर गुलाबी. तो निळसर भाग पृथ्वीचीच सावली. हे सगळं पटकन आटपतं, कारण आपल्याकडे सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो आणि पंचवीसेक मिनिटांत अंधारून येतं.

तेव्हा हेडटॉर्च हवाच. नोव्हेंबरनंतर वाळलेलं गवत आणि घसारा (उतारावरची सुटी माती-खडी) दोन्ही पाय सरकवतात, आणि फोनच्या टॉर्चवर उतरू म्हणाल तर फोटो काढून काढून त्याची बॅटरी तोवर संपलेली असते.