वाचकांचे प्रश्न : ग्रुप तेवीस, डोकं एक

प्रश्न : माझ्याकडे दोन ग्रामपंचायतींचा चार्ज आहे. मोबाईलवर कामाचे २३ व्हॉट्सअॅप ग्रुप. गावात रेंज नाही. फाट्यावर आलो की दीडशे मेसेज एकदम पडतात. मागच्या आठवड्यात पाणी नमुन्यांची माहिती ‘आज ४ पर्यंत’ मागितली होती. ती सुप्रभातच्या फुलांखाली दबली आणि नोटीस हातात पडली. काय करू?
— एक ग्रामपंचायत अधिकारी, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, मेसेज वाचला म्हणजे काम डोक्यात राहील, हा भरवसा आधी सोडा. माणसाला मनात एका वेळी जेमतेम चार गोष्टी धरता येतात, असं मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये मांडलं. पाचवी आली की एखादी निसटते.

फाट्यावर उतरल्यावर दीडशेच्या दीडशे वाचत बसू नका. पंचायत समितीचे तीन ग्रुप वर पिन करा, बाकीचे म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाका. मग सर्चमध्ये ‘प्रपत्र’, ‘तात्काळ’, ‘आजच’ टाकून पाहा. पत्राचा नुसता फोटो टाकलेला असेल तर तो असा सापडत नाही, म्हणून पिन केलेले ग्रुप डोळ्यांखालून घालावेच लागतात. फोटो-व्हिडिओचं आपोआप डाउनलोड बंद ठेवा. फोन भरला की नेमकी कामाची फाइल उतरत नाही.

सापडलेलं काम तिथेच खिशातल्या वहीत उतरवा. रकाने चार : कोणी मागितलं, काय, कधीपर्यंत, पाठवलं का. ‘त्वरित’ ही काही वेळ नव्हे. “साहेब, किती वाजेपर्यंत?” असं विचारा आणि आकडा लिहा.

खरा घोळ होतो सुधारित प्रपत्राचा. सकाळची एक्सेल भरून होते, दुपारी एक रकाना वाढवून नवी येते, नाव तेच. दोन्ही डाउनलोडमध्ये शेजारी बसतात आणि घाईत जुनीच जाते. नवी उतरली की तिच्या नावात तारीख-वेळ घाला. जुनीतले आकडे नवीत घेतले की जुनी पुसून टाका.

प्रश्न : मी आशा सेविका आहे. रात्री ११ पर्यंत ग्रुप वाजतो, पण बाळंतपणाचा फोन येईल म्हणून मोबाईल बंद ठेवता येत नाही.
— एक वाचक, जि. वाशीम

उत्तर : ताई, अँड्रॉइड फोनमध्ये ‘डू नॉट डिस्टर्ब’ रात्री ९ ते सकाळी ६ लावा. दिवस भरत आलेल्या मातांच्या घरचे नंबर स्टार करून फक्त त्यांच्या कॉलना परवानगी द्या. ‘रिपीट कॉलर’ही चालू ठेवा : नवख्या नंबरानेही १५ मिनिटांत दुसऱ्यांदा फोन केला तर वाजतो. बाळंतपण झालं की स्टार काढा.