कोल्हापूरहून बाईकवर एका दिवसात जाऊन येण्यासारखा घाट कोणता?

गगनबावडा, डोळे झाकून. शहरापासून साधारण ५५ किलोमीटर. फुलेवाडीतून बाहेर पडलं की कळे, साळवण करत दोन्ही बाजूंना ऊस, आणि हळूहळू डोंगर जवळ येत जातात.

खरी मजा पुढे आहे. गगनबावड्यात रस्ता फुटतो: एक करूळ घाटातून वैभववाडीकडे, दुसरा भुईबावडा घाटातून खारेपाटणकडे. मी म्हणेन, भुईबावडा. करूळला ट्रक जास्त असतात, भुईबावड्याचा रस्ता अरुंद पण शांत. कठड्याशी थांबून इंजिन बंद केलंत की खालून वर चढणारं धुकं अंगावरून जाताना गार लागतं आणि हेल्मेटची काच आतून-बाहेरून ओली होते.

जुलै-ऑगस्टला दरड कोसळून घाट बंद होतात, म्हणून निघण्याआधी चौकशी कराच. मला सप्टेंबरअखेर सगळ्यात आवडतो: हिरवं तसंच, पाऊस ओसरलेला. उतरताना गिअर खालचा ठेवा, नुसत्या ब्रेकवर गाडी सोडू नका. पेट्रोल कोल्हापुरातच भरून घ्या. वेळ उरला तर गगनगडावर जाऊन या, वरून कोकण थेट पायाखाली दिसतं.