गाडीत स्वस्तातला जीपीएस ट्रॅकर बसवताय?

आधी सिमचं बघा. स्वस्तातले बरेच ट्रॅकर टू-जीवर चालतात आणि जिओला टू-जी नाहीच; त्यामुळे एअरटेल किंवा व्हीआयचं सिम घ्या. सिम आधी मोबाइलमध्ये टाकून त्याचा पिन (लॉक) बंद करा आणि ट्रॅकरचा पासवर्ड बदला. तो बहुधा १२३४५६ असतो, म्हणजे चोरालाही पाठ.

ओबीडी पोर्टात (मेकॅनिक गाडी तपासायला मशिन जोडतो ते सॉकेट) खोचायचा ट्रॅकर मला पटत नाही. स्टिअरिंगखाली हात घातला की दोन सेकंदांत बाहेर. वायरवालाच घ्या, आत छोटी बॅटरी असलेला.

ट्रॅकरची लाल वायर किल्ली बंद असतानाही चालू राहणाऱ्या बारा व्होल्टवर, काळी बॉडीच्या रंग नसलेल्या बोल्टला. लाल वायरवर, जिथून करंट घेताय तिथेच, एक-दोन अँपिअरचा फ्यूज हवाच. वायर नुसती पिळून टेप मारू नका. उन्हाळ्यात डिंक सुटतो आणि वायर लोंबते. सोल्डर करून वर हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी प्लास्टिकची नळी) चढवा. मी पहिल्यांदा आळस केला होता, भर मे महिन्यात गाडी नकाशावरून गायब!

डबी डॅशबोर्डच्या प्लास्टिकखाली, अँटेनाची बाजू आकाशाकडे. वर पत्रा नको.

लांबून इंजिन बंद करणाऱ्या रिलेचा (ट्रॅकरला जोडायच्या स्विचचा) मोह टाळा. चालत्या गाडीचा पेट्रोल पंप बंद पडला तर मागून ट्रक येतोय हे त्या रिलेला कळत नाही.

गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर गाडीच्या बॅटरीकडे लक्ष ठेवा. ट्रॅकर वीस मिलिअँपिअर खात असेल तर दिवसाला अर्धा अँपिअर-अवर जातो.